हळद पडलेली बरणी

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि वाकडंतिकडं अक्षर पोटात घालावं. नीलम्मा मॅडम गेल्या महिन्यात विजापूरला वारल्या. त्यांच्याबद्दल बोलायचं तर मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मॅडम काचपट्टीशी बोलायच्या. सोलापुरात आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बरण्या, नळ्या धुवायच्या कामाला होते. पहिल्याच दिवशी पाहिलं, तर एक बाई बारीक वस्तू मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राला डोळा लावून कानडीत विचारत होत्या, "एनातव्वा निनग?" काय झालं गं बाई तुला? मला वाटलं, मलाच विचारतात. मी म्हटलं, "काही नाही." त्या वर न बघताच म्हणाल्या, "तुला न्हाय गं, ह्या नसेला."

मॅडम अक्कलकोटकडच्या. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. वडिलांना समोरचं सगळं नीट दिसायचं, पण बाजूला उभं राहिलेलं गिऱ्हाईक दिसायचं नाही. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला गर्व चढलाय. तो काचबिंदू होता. कळलं तेव्हा डोळ्यामागची नस बरीच वाळली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. त्यामुळं मॅडमना फक्त त्या आजाराची सुरुवात शोधायची होती. डोळ्यातला दाब वाढतो, माणसाला अजून सगळं दिसतं, तेव्हाच नसेतल्या प्रोटीनमध्ये काय बदलतं?

"प्रोटीन म्हणजे डाळीतलं?" मी विचारलं.

"डाळीत बी असतंय, नसेत बी असतंय. तू चादरीच्या कारखान्यात होतीस की. चादर फाटायच्या आधी धागा विरतो ना? विरायला लागतो तवा त्या धाग्यात काय होतं, ते बघायचंय मला."

कळल्यासारखं वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगायला गेले, तर सांगता येईना.

उंदरांच्या डोळ्यामागच्या नसांचे पातळ काप मॅडम काचपट्टीवर घ्यायच्या, स्पिरिटच्या बरण्यांत बुडवायच्या, एक औषध लावायच्या. निळ्या उजेडात बघितलं की हवं ते प्रोटीन हिरवं चमकायचं. चांगल्या नसांच्या पट्ट्या आधी झाल्या. नुकता दाब वाढलेल्या नसांच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात खंडेनवमी आली.

कारखान्यात खंडेनवमीला मागाची पूजा व्हायचीच. इथं कुणालाच आठवण नाही. ज्या यंत्रांवर आपलं पोट चालतं त्यांना वर्षातून एकदा हळदकुंकूही नाही, हे मला बरं वाटेना. जेवायच्या सुट्टीत मी गुपचूप सगळ्यांना बोटं लावली. यंत्राला, फ्रिजला, बरण्यांना. एका बरणीचं झाकण सैल होतं. उघडलं आणि चिमूटभर हळद आत पडली. हळदच की ती, काय होणार? मी झाकण घट्ट लावलं आणि बाहेरची बोटं ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

आठवड्यानं मॅडमनी मला हाताला धरून यंत्रापाशी नेलं. "बघ सुमन, बघ! दाब वाढलेल्या सगळ्या नसा कशा चमकतात!" मी बघितलं. हिरवं-पिवळं, लख्ख. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी पेढे आणले, त्या चमकीचं चित्र हैदराबादला शास्त्रज्ञांच्या सभेला पाठवायचं ठरवलं. माझ्या हातात पेढा तसाच राहिला. चांगल्या नसांच्या पट्ट्या नवमीच्या आधी त्या बरणीतून गेल्या होत्या, आणि आजारी नसांच्या पट्ट्या नवमीनंतर. पण हळद आणि चमक यांचा काय संबंध, ते मला कळेना. आणि संबंध नसला तर उगाच कशाला बोलायचं?

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मॅडमना सांगितलं.

त्यांनी स्पिरिटची बाटली काढली. नवीन बरणी घेतली, तीत मुद्दाम चिमूटभर हळद टाकली, एका चांगल्या नसेची पट्टी बुडवली. निळा उजेड लावला. औषध न लावताही पट्टी चमकली; चमक हळदीचीच होती.  या वेळी मॅडम पट्टीशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी सर आले. मॅडम म्हणाल्या, "चित्र पाठवू नका. बरणी खराब होती. माझी चूक."

सर हसले. "वर्षभर काय बघत होतात मग? आधी तुमचेच डोळे तपासून घ्या, मॅडम."

मी कोपऱ्यात नळ्या पुसत होते. सरांशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. "सर, हळद मी टाकली," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते मीच होते.

सर गेल्यावर मॅडम जिन्यात मला म्हणाल्या, "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं? मी घेतलं होतं की अंगावर!" आवाज रागाचा होता. पण हात माझ्या पाठीवर होता. आवाजाचं ऐकावं का हाताचं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

मला कामावरून काढलं नाही. मॅडमनी सगळं पुन्हा केलं, चार महिने. आता दाब वाढलेल्या बहुतेक नसा गप्प. तीन-चार मात्र अगदी मंद चमकायच्या.

"म्हणजे सुरुवात तिथं हाय का न्हाय?" मी विचारलं.

"कळंना गं. तीन-चारावर कसं बोलायचं? कळंना असंच लिहिते."

त्यांनी तसंच लिहिलं. निवृत्त व्हायच्या दिवशी तो इंग्रजी अहवाल माझ्यापुढं धरला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं, "बरणीत हळद पडल्याचं प्रयोगशाळेतल्या सुमन यांनी सांगितलं, त्यामुळं पहिले निकाल आम्ही रद्द केले."

मी म्हटलं, "मॅडम, माझी चूक छापली?"

त्या म्हणाल्या, "तुझं नाव छापलं."

त्या पानाची प्रत माझ्याकडं आहे. इंग्रजी मला येत नाही, पण सुमन ही अक्षरं कुठली ते आता ओळखता येतं.