हारुको आणि आमचे गप्प न बसणारे मास्तर

चार नाशिककरांना एका खोलीत बसवा आणि सांगा, "तुम्ही बोलायचं नाही." किस्से गोळा करावे लागत नाहीत, आवरावे लागतात!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. अंबडच्या एका कारखान्यात जपानी इंजिनीअर आले होते. त्यांच्या बायका इंदिरानगरात दिवसभर एकट्या. त्यांना मराठी शिकवायला कॉलनीतली मंडळी हौसेने पुढे आली. मी शाळेतून रिटायर झालेली, त्यामुळे या हौशी मास्तरांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझा नियम एकच होता: विद्यार्थ्याला बोलू द्या, मदतीला धावू नका.

पहिली विद्यार्थिनी हारुको. पहिल्याच दिवशी तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, दिवाळीपर्यंत तिला इथे एकटीने निभावता आलं नाही, तर नवरा तिला आणि छोट्या मुलीला जपानला परत पाठवणार. तिला नवऱ्याला सोडून जायचं नव्हतं. सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि आमचेही.

*

गायकवाड काका एसटीतले रिटायर कंडक्टर. ट्रेनिंगमध्ये मी विद्यार्थिनी झाले आणि अडखळत म्हटलं, "मला... मेथी... पाहिजे."

काकांनी मला पुढचं वाक्य बोलायला लावायचं होतं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. आम्हाला वाटलं, कंटाळले. थोड्या वेळाने मेथीची जुडी घेऊन हजर!

"काका, नियम काय ठरला होता?"

"अहो बाई, ती माउली परक्या गावात भाजी मागतेय आणि मी नियम बघत बसू?"

मेथी मीच घरी नेली.

*

सुमनताई बँकेतल्या. वर्ग त्यांच्या घरी असला की पोहे ठरलेले. हारुकोकडची रीत अशी, की ताट स्वच्छ केलं म्हणजे यजमानांचा मान राखला. आणि आपल्याकडे रिकामी बशी दिसली की वाढलंच पाहिजे! ती मानाने संपवतेय, सुमनताई मायेने वाढतायत, आणि नियमाप्रमाणे आम्ही सगळे गप्प. म्हटलं, ही आता स्वतःच "पुरे" म्हणेल. शेवटी बिचारी सोफ्यावर आडवी झाली.

सुमनताई मला म्हणाल्या, "बघा, किती आवडले तिला!"

*

मग काका तिला प्रॅक्टिकलला येवल्याच्या एसटीत घेऊन गेले. मी मागच्या सीटवर, लक्ष ठेवायला. तिकीट तिने स्वतः मागायचं होतं. कंडक्टर समोर आला, तिने श्वास घेतला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारची आजी म्हणाली, "येवला द्या तिला!" मागून कोणी म्हणालं, "एक फुल!" सगळी गाडीच तिच्या वतीने तिकीट मागायला लागली. आणि काय सांगू, काका चक्क गप्प होते!

कंडक्टर वैतागला. "तुमची तिकिटं झाली ना? मग बोलू द्या की बाईला!"

गाडी चिडीचूप. हारुको उभी राहिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "एक येवला द्या."

"लय भारी!" आजीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

*

तिच्या शेजारी देशपांडे काकू राहायच्या. मुलगा पुण्याला, त्या एकट्याच. गृहपाठ म्हणून मी हारुकोला त्यांच्याकडे वाटीभर साखर मागायला पाठवलं. वाटी परत करताना तिने त्यात जपानी बिस्किटं घातली. रिकामी वाटी परत देतात का? काकूंनी चिवडा घातला. हारुकोकडेही भेटीची परतफेड करावीच लागते. महिनाभर वाटी ये-जा करत होती!

एक दिवस काकूंनी मला गाठलं. "अहो, हे थांबवायचं कसं?" दुसऱ्या दिवशी हारुकोनेही हेच विचारलं. मी दोघींनाही सांगितलं, "मला नाही बाई माहीत."

*

दसरा झाला आणि एका रविवारी हारुकोचे मिस्टर, तानाकासाहेब, पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या घरी वर्गावर आले. इंग्रजीत आभार मानले आणि म्हणाले, बायको-मुलीची तिकिटं काढलीत. "तुम्ही खूप केलंत. पण मी कारखान्यात असताना काही झालं, तर ती एकटी काय करणार?"

पेढ्याला कोणी हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. हारुको वर्गाला आलीच नव्हती. मला वाटलं, रडत बसली असेल घरी.

तेवढ्यात त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन धापा टाकत आला. "देशपांडे काकू बाथरूममध्ये पडल्या! जपानी मॅडमनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं!"

आम्ही सगळे धावलो, तानाकासाहेब सगळ्यांच्या पुढे. वॉर्डच्या दारातून आत बघितलं, तर काकूंच्या पायाला प्लास्टर, आणि हारुको एका हातात एक्स-रे, दुसऱ्या हाताने मुलीला धरून डॉक्टरांना विचारत होती, "गोळी जेवणाआधी की नंतर?"

तानाकासाहेब आत घुसायला लागले, तर सिस्टरने दारातच अडवलं. "ओ साहेब, पेशंटचे कोण तुम्ही?"

साहेबांनी वाकून नमस्कार केला.

"नमस्कार ठीक आहे, पण कोण तुम्ही?"

साहेब पुन्हा वाकले.

हारुकोने आतून मान वळवून बघितलं.

"सिस्टर, त्यांना सोडा. माझ्याबरोबर आहेत. त्यांना मराठी येत नाही."