आक्कांची गाडी आणि आमची

आमच्या थोरल्या जाऊबाई गाडी अनवाणी चालवायच्या. आधी चपला काढून शेजारच्या सीटखाली सरकवायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि मग चाकामागे बसायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "क्लच तळपायाला कळाया पायजे. चपलेला काय कळतंय?"

अणदूरमध्ये सगळे त्यांना आक्का म्हणत. मीही. बावीस वर्षं आम्ही दोघी एका अंगणात, समोरासमोरच्या घरांत राहिलो, आणि त्यातली निम्मी वर्षं मी त्यांचा हेवा करण्यात घालवली. आता त्या नाहीत, म्हणून हे निर्धास्त लिहिता येतं. त्या असत्या तर वाचून एवढंच म्हणाल्या असत्या, "मला ठाव होतं की गं."

त्या गाडी शिकल्या तेव्हा बेचाळिसाच्या होत्या. साखरेच्या आजारानं दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, नजर गेली. दारातली मोठी सात सीटर गाडी विकायचं ठरलं. जळकोटचा एक जण बघायला आला. चाकांना लाथा मारून झाल्या, बॉनेट उघडून झालं. आक्का चहा घेऊन बाहेर आल्या आणि कपबशी त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "चहा घ्या. गाडी विकायची न्हाय. म्या शिकते." तो माणूस हसला. दादाही हसले. पंधरा दिवस त्या शेताच्या रस्त्यावर गाडी पुढं-मागं करत राहिल्या. बांधाला धडकून एक दिवा फुटला, तो त्यांनी कधी बदलला नाही. "ध्यानात राहतंय," म्हणायच्या.

मग गल्लीला जणू स्वतःची गाडी मिळाली. कुणाची लेक परीक्षेला तुळजापूरला, कुणाची सून तपासणीला सोलापूरला. कंपनीनं सात जणांची सोय केली होती, आक्का अकरा बायका बसवायच्या. मागच्या दोन आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बायका बसत. उसाच्या ट्रॉल्या पुढं आल्या की आक्का मुकाट्यानं मागं राहायच्या. कुणी घाई केली की सांगायच्या, "त्यो ऊस घेऊन चाललाय, आपुन बायका. दोघांतलं काय बी सांडाया नगं." मी त्याच गाडीत मागं बसलेली असायचे आणि बायका हसायच्या तेव्हा मला हसू यायचं नाही.

मग आमच्या ह्यांनी नवी गाडी घेतली. नळदुर्गला ह्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, त्या वर्षी ते बरं चाललं होतं. गाडी त्याच कंपनीची, त्याच नावाची, फक्त पंधरा वर्षांनंतरची. वर उघडणारं काचेचं छत, समोर टीव्हीएवढा पडदा, मागं घेताना कॅमेरा, सहा एअरबॅग. आक्कांची गाडी सुरू झाली की भांड्यांची मांडणी थरथरायची. आमची सुरू झालेली कळायचीच नाही. ती दारात आली त्या दिवशी मी मुद्दाम आक्कांना हाक मारली.

त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. तिसऱ्या रांगेत डोकावल्या. "देखणी हाय गं," म्हणाल्या. "पर हितं मागं पाय कुठं ठिवायचे?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मला ते आठ दिवस सलत राहिलं. त्यात सासूबाई एकदाच त्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "हिच्यात दवाखान्यात आल्यावानी वाटतंय. म्या थोरलीच्या गाडीत जाते." माझी स्वतःची लेकसुद्धा शनिवारी शाळा सुटली की पळत जाऊन आक्कांच्या मागच्या बाकावर बसायची.

आणि मला तर ह्या नव्या गाडीचं चाक धरायचीही परवानगी नव्हती. "ओरखडा पडंल," हे म्हणायचे. मग हे दुपारी झोपले की मी किल्ली घेऊन आत बसायचे आणि माहितीपुस्तक वाचायचे. कुठलं बटण कशाचं, ते मला तोंडपाठ झालं. गाडी मात्र मी एक इंचही हलवली नव्हती.

एकदा मी फार वाईट वागले. खंडोबाच्या देवळापाशी आक्का बायकांना गाडीत बसवत होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आक्का, तुमच्या गाडीला एक एअरबॅग नाही. लोकांच्या लेकीबाळी घेऊन फिरता. काही झालं म्हणजे?" दोघी-तिघी बायका खाली उतरल्या. आक्कांनी उतरलेल्या बायकांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "खरं हाय तुजं." त्या दिवसापासून त्या नऊपेक्षा जास्त माणसं घेईनात आणि आधीपेक्षाही हळू चालवू लागल्या. मी भांडण काढलं होतं, त्यांनी ते सल्ला म्हणून घेतलं. मला त्याचाही राग आला.

गेल्या वर्षी माघात त्यांच्या गाडीची क्लचप्लेट गेली. टो करून ती नळदुर्गच्या गॅरेजला नेली. रिकामं अंगण बघून मला बरं वाटलं, हे लिहिताना हात जड होतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला ह्यांच्या छातीत कळ आली. घामानं बनियन चिंब. ॲम्ब्युलन्सला यायला पाऊण तास लागणार होता. गल्लीतले गाडीवाले शेतात नाही तर गावाला. दारात आमची नवी गाडी चकचकत उभी, आणि मी ओसरीत नुसती ओरडतेय.

आक्का पिठाच्या हातानं आल्या. "भावजींना मागं निजवा," त्या दादांना आणि सासूबाईंना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या, "तू म्होरं बस. बटणं तू सांग, बाकी म्या बघते." चपला काढल्या, बसल्या. "किल्ली कुठं घालू?"

"घालायची नाही. जवळ असली की झालं. ब्रेकवर पाय ठेवून हे बटण दाबा."

"अन् क्लच?"

"क्लच नाहीये आक्का."

"न्हाय?" त्यांचा डावा पाय खाली चाचपडतच होता. "मग ह्या पायाचं काय करू?"

"मांडी घाला!" मी रडत ओरडले. आणि आक्कांनी खरोखरच डावा पाय दुमडून मांडीखाली घेतला.

हायवेला एका ट्रॉलीला मागं टाकताना त्या एकदम म्हणाल्या, "अगं, चाक हातातनं ओढतंय!" रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की ती गाडी आपणहून चाक वळवते. मी पडद्यावर ते बंद केलं. "आता?" "आता व्हय, ऐकतीय." सोलापूरपर्यंत मी सांगत गेले, त्या चालवत गेल्या. मागं सासूबाई ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन देवीचं नाव घेत होत्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

हे घरी आले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "वहिनीनं वाचवलं." माझ्या बटणांचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं ते फक्त आक्कांनी. "गाडी हिनंच नेली," त्या सांगायच्या, "म्या नुस्तं चाक धरलं." मी आत चहा टाकत ऐकायचे, आणि त्यांच्या मोठेपणाचाही मला हेवा वाटायचा. इतकं सहज त्यांना कसं देता येतं, म्हणून.

"तुला आता शिकवते," त्या मागं लागल्या. मी आज-उद्या करत टाळलं. मग त्यांना न सांगता नळदुर्गच्या क्लासला जाऊन शिकले. ह्यांनी ह्या खेपेला ओरखड्याचं नाव काढलं नाही. आक्कांना कळलं तेव्हा म्हणाल्या, "चांगलं झालं." पण त्या दिवशी संध्याकाळी त्या अंगणात नेहमीसारख्या बसायला आल्या नाहीत.

दिवाळीनंतर त्यांच्या पोटात गाठ निघाली. त्यांना गाडी चालवणं जमेना, म्हणून सोलापूरच्या खेपा मी माझ्या गाडीतून करू लागले. पहिल्याच दिवशी टोलनाक्यावरचा माणूस मला ओलांडून पलीकडं वाकला. "आक्का! ड्रायवर ठिवली का काय?"

"ड्रायवर न्हाय," आक्का म्हणाल्या. "जाऊ हाय माजी."

मी सगळा रस्ता वाट बघितली, कशी चालवते ते त्या सांगतील म्हणून. दवाखान्याच्या दारात उतरताना एका हातानं दार धरून त्या म्हणाल्या, "ब्रेक उशिरा दाबतीस. बाकी बरंय." त्या दिवशी रात्री जेवताना मी ते वाक्य ह्यांना दोनदा सांगितलं.

चार महिन्यांत आक्का गेल्या.

दहाव्याला बायकांनी अंगण भरलं. जी ती आक्कांच्या गाडीतली एकेक गोष्ट सांगत होती. कोपऱ्यावर शिवणकाम करणारी मंगल माझ्या शेजारी बसली होती. अस्तर, दोरे आणायला ती दर आठवड्याला आक्कांबरोबर सोलापूरला जायची. ती हळूच म्हणाली, "लई भ्यायच्या हो आक्का."

"कशाला?"

"गाडी चालवायला. धा वर्सं झाली तरी. हायवेला लागायच्या आधी गाडी कडंला घ्यायच्या अन् दोन मिन्टं डोळं मिटून बसायच्या. हात गार पडायचे त्यांचे. म्या चोळून द्यायची, मग निघायच्या." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमाला ठाव नव्हतं व्हय?"

"होतं की," मी म्हणाले.

मंगलनं डोळे पुसले आणि हात मांडीवर ठेवले. सुईनं टोचून टोचून बोटांची टोकं खरबरीत झालेले ते हात. मी त्यांच्याकडं बघत बसले. आक्कांच्या गाडीचा, त्यांच्या नावाचा, त्यांच्या स्वभावाचा, सगळ्याचा हेवा माझा करून झाला होता. आक्कांचे गार हात चोळणाऱ्या त्या हातांचा हेवा कसा करायचा, ते मात्र कळेना. मी उठले आणि बायकांना पाणी द्यायला गेले.