फोनच्या कपाळावर कुंकू

वाटूरच्या फाट्यावर भुजंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रिकाम्या वेळात त्यानं एक ॲप तयार केलं, हे गावानं चालवून घेतलं; पण ते ॲप करतं काय, हे त्यानं सांगायला नको होतं.

बोलताना फोन कानाला लावला की पडदा आपोआप काळा होतो. फोनच्या वरच्या काठाशी एक बारीक सेन्सर असतो, त्याची ही करामत. भुजंगचं ॲप हा सेन्सर वाचायचं. सेन्सरला अंतर मोजता येत नाही. 'जवळ' आणि 'लांब' एवढंच त्याला कळतं. पुष्कळ नातेवाइकांचं तेवढ्यावर आयुष्य निघतं, म्हणून भुजंगनंही तक्रार केली नाही. फोन भाकरीच्या टोपल्याला टेकवून ठेवायचा. कुत्र्याचं तोंड जवळ आलं, की फोनमधून भुजंगच्या आईचा, उषाबाईंचा आवाज यायचा: "हाड! हाड!" पंजा लागून बंद पडू नये म्हणून आवाजाचं बटण त्यानं निकामी केलेलं. बॅटरी वाचावी म्हणून पडदा काळा. तोंड लांब गेल्याशिवाय दम खात-खात चाललेलं ओरडणं थांबायचं नाही. अडचण एकच होती, सेन्सरची नजर चार बोटांपलीकडं जात नव्हती. कुत्रं दुसऱ्या बाजूनं खायला शिकलं.

अशात आष्टीचे आबाराव आपल्या लेकीसाठी, तृप्तीसाठी, भुजंगचं घर बघायला येणार ठरलं. तृप्तीला भुजंग पसंत होता, भुजंगला तृप्ती त्याहून पसंत होती. राहिले होते आबाराव, आणि त्यांनी याआधी एका घराला चहा पातळ म्हणून नकार दिला होता. पाहुण्यांना आपली हुशारी दाखवावी म्हणून भुजंगनं ॲप सुरू करून फोन कोनाड्यात उभा केला.

"पहिल्यांदा चार माणसांत चाललंय, तसंच कोरं कसं ठेवावं?" असं म्हणत उषाबाई हळदकुंकू घेऊन आल्या. ॲपला ते लावायचं कुठं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. फोन उभा ठेवला की त्याचं कपाळ कुठं येतं, हे कुणालाही दिसतं. त्यांनी चांगला ओला टिळा लावला, बराबर सेन्सरवर.

त्याच वेळी आबाराव आणि त्यांची बहीण प्रेमला उंबऱ्यात आले.

"हाड! हाड!" फोन उषाबाईंच्या आवाजात ओरडला. उषाबाई समोर हात जोडून, तोंड मिटून उभ्या होत्या.

"हे आम्हाला का?" आबारावांनी विचारलं.

"न्हाई न्हाई, कुत्र्याला," भुजंग म्हणाला. त्या उत्तरानं काही सुधारलं नाही.

पडदा काळा, बटण मुकं. भुजंगनं अंगठा पुढं केला. "आई, नुस्तं एवढं पुसलं की..."

"कुंकू पुसतो? सोयरीक जुळवायला माणसं आलेत, अन् कुंकू पुसतो?"

"बिलकुल नका पुसू," प्रेमलाआत्या घाबरल्या. "असं करतेत का भरल्या घरात?"

आबारावांनीही घाईनं हात वर केला. कुत्र्यासारखी वागणूक चालेल, पण हे नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

शेवटी फोन ज्वारीच्या कोठीत टाकून झाकण लावलं. आवाज दबला, पण घुमायला लागला. दम खात, अधूनमधून.

"दारू?" आबारावांनी सुरुवात केली.

"बिलकुल न्हाई."

"हाड!" कोठी म्हणाली.

"शेतात हात लावता, का नुस्तं मोबाइलच करून राह्यले?"

"लावतो की. परवाच कापूस येचला."

"हाड! हाड!"

प्रेमलाआत्यांनी तोंडावर पदर धरला. "दादा, कोठीला समदं ठाऊक दिसतंय."

"मला बी तसंच वाटून राह्यलं," आबाराव गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी खुर्ची कोठीकडं सरकवली. आता प्रश्न भुजंगला होते आणि कान कोठीला. तृप्ती भुजंगच्या हातची चालली होती, आणि तीही आईच्या आवाजात.

"शेवटचं," आबाराव म्हणाले. "पोरीला सुखात ठेवताल का?"

"ठेवतो," भुजंग म्हणाला.

सगळे कोठीकडं बघत राहिले. कोठी गप्प.

आबारावांनी पुन्हा विचारलं. भुजंगनं पुन्हा सांगितलं. आबारावांनी झाकणाला कान लावला. कोठी गप्पच.

"मंग जमलं," ते सरळ होत म्हणाले. "पेढे आणा."

फोनची बॅटरी संपली होती. भुजंगला ते कळलं होतं, आणि म्हणूनच तो पेढ्यांसाठी इतक्या जल्दी घराबाहेर पडला, की पायात वहाणा घालायच्या राहिल्या.