गंगा मागं राहिली

नाशिकला आले तेव्हा माझा देवावर फारसा विश्वास नव्हता, आणि नाशिकवर तर मुळीच नव्हता. माझा जन्म मस्कतचा. बाबा मूळचे नाशिकचे, पण मी लहान असतानाच ते गेले. आई कोल्हापूरची, ती अजून मस्कतलाच शाळेत शिकवते. शिक्षण संपल्यावर मला नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि पंचवटीत राहणाऱ्या आत्याने "खोलीबिली शोधायची नाही, घरी राहायचं" असं फर्मान काढलं. भाषा मराठीच, तेव्हा हा माझाच देश, अशी माझी समजूत होती. ती आठवडाभरात खोटी ठरली. मस्कतमध्ये शेजाऱ्याचं नाव कळायला वर्षं जातात. इथे पहिल्याच दिवशी जिन्यात माझा पगार, माझं लग्न आणि मी केस का कापले, या सगळ्याची चौकशी झाली. रस्ता ओलांडायचा म्हटलं की मी कुणाच्या तरी मागे मागे जायचे. मराठी येत असूनही निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं आणि विचारायची लाज वाटायची. मी सारखी परतीच्या विमानांची तिकिटं बघत बसायचे.

आत्या एकटीच राहायची. तिला मधुमेह. मध्यंतरी साखर एकदम उतरून ती स्वयंपाकघरात पडली होती, तेव्हापासून एकटीने बाहेर जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ती ऐकणाऱ्यातली नाही. "मला एकदा गंगेवर जायचंय, तुला घेऊन," असं ती सारखं म्हणायची. मी हो हो करायचे आणि मनात म्हणायचे, ही तब्येत आणि बाई निघाल्या काशीला!

एका शनिवारी दुपारी कामावरून लवकर आले तर दाराला कुलूप. आत्याचा फोन आतच वाजत होता. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, त्या मघाशीच गंगेवर गेल्या, पिशवी घेऊन. तुला सांगितलं नाही?"

म्हणजे ही खरंच काशीला निघाली! गाडीत साखर उतरली तर तिच्याकडे कोण बघणार? काकूंना पुढचं काही न विचारता मी धावत सुटले आणि नाशिकरोड स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले. पूल ओलांडून द्वारकेच्या चौकात अडकलो. गाडी कुठली, फलाट कुठला, मला काहीच ठाऊक नव्हतं. रडू फुटलं. आयुष्यात मी कधी मनापासून प्रार्थना केली नव्हती. आमच्याकडे देव म्हणजे गणपतीतले मोदक. पण त्या रिक्षात मनातल्या मनात म्हटलं, मला इथलं काही कळत नाही, माझ्याच्यानं काही होत नाही, आता तूच बघ. हे नक्की कुणाला म्हटलं, तेही मला सांगता आलं नसतं.

शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर बाजाराची भरलेली पिशवी. "काय झालं गं बाई? कोन आजारी हाय का?"

"माझी आत्या एकटीच गंगेवर गेलीय. तिची गाडी सुटेल."

"गंगेवर जायाला गाडी कशाला?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. "अगं, गंगा मागं राहिली. आत्ता पुलावरून आलो नाय का, तीच गंगा. तू उलटी चालली."

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं कुणाला वाटलंही नसेल. तोवर बाईंनी रिक्षा थांबवली होती. "चल, लय गर्दी असती तिथं. तुला एकटीला घावायची नाय." त्यांना सिन्नरची एसटी गाठायची होती. ती सोडून त्या माझ्याबरोबर मागे आल्या.

आत्या घाटाच्या एका पायरीवर, भिंतीच्या सावलीत बसली होती. चेहरा पांढरा, अंग घामाने भिजलेलं, बोलता येईना. बाईंनी पिशवीतून गूळ काढला, खडा फोडून तिच्या तोंडात घातला. "चघळा, मावशी." हळूहळू आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आलीस?" जणू तिनेच बोलावलं होतं.

तिच्या पिशवीत नारळ, खण आणि तांदूळ होते. "नवं माणूस घरी आलं की गंगेला दाखवायचं असतं. तुला सवड होईना. म्हटलं, ओटी भरून निदान सांगून तरी येते, माझी पोर आलीय, सांभाळ." मग आम्ही दोघींनी मिळून ओटी भरली. वळून पाहिलं तर बाई निघून गेल्या होत्या. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

हा योगायोग असेलही. मी कुणाशी वाद घालत नाही. एवढंच कळतं की माझ्या अकलेने मी आत्यापासून लांब लांब पळत होते, आणि हात टेकले तेव्हा शेजारून कुणीतरी विचारलं, काय झालं. तिकिटं बघणं मी त्या दिवसापासून सोडलं. त्या बाईंना आणि त्यांना त्या रिक्षात बसवणाऱ्याला मी रोज नमस्कार करते.

त्याच संध्याकाळी आईचा मस्कतहून फोन आला. "कुठे होतीस गं?"

"गंगेवर गेले होते."

आई घाबरलीच. "अगं, इतक्या लांब? एकटी?"

"लांब नाही गं," मी म्हटलं. "कामावर जाताना रोज ओलांडते तिला. ओळख आज झाली."