दोन छोटे, एक लांब

सुरुवातीलाच माफी मागतो. या सदरात लिहिणारे लोक सराईत असतात. मी आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच... आणि खरं सांगायचं तर तीही मी चढलो नाही, चार जणांनी मला चाकाच्या खुर्चीसकट उचलून चढवलं. लिहिण्याची सवय म्हणाल तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरती. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरी गोष्ट — भुतंखेतं, अंगात येणं, उतारा, यावर माझा विश्वास कधीच नव्हता. नुसता विश्वास नव्हता असं नाही, राग होता. मी तीन वर्षांचा असताना तापात पाय गेले, तेव्हा डॉक्टरच्या आधी मला भगताकडे नेलं होतं. त्याने लिंबू कापलं आणि 'मागच्या जन्मीचं आहे' म्हणून सांगितलं. हे वाक्य मी पुढे वीस वर्षं लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर ऐकत आलो. म्हणून अशा सदरात आपण काही लिहू असं वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात एक बातमी आली आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

गोष्ट ब्याण्णवच्या एप्रिलमधली. मी बदलापूर गावात राहतो. आमची थोडी भातशेती आहे. कॉलेज उल्हासनगरला. मी तिथे जाऊ शकलो ते एका गाडीमुळे. उल्हासनगरच्या एका संस्थेची जुनी मॅटॅडोर होती. आतली बाकडी काढून मागच्या दाराला लोखंडी पट्ट्या मारलेल्या दोन फळ्या बसवल्या होत्या. फळ्या खाली सोडायच्या, खुर्ची ढकलत वर न्यायची आणि चाकं साखळीने जमिनीच्या कड्यांना अडकवायची. चार खुर्च्या, प्रत्येकीबरोबर एक सोबती, आणि चालवायला दौलतकाका. असे आम्ही नऊ जण.

पहिला थांबा माझा, गावाच्या नाक्यावर, सात वाजून दहा मिनिटांनी. सोबतीला आई. दुसरा हेंद्रेपाड्याला — रेखा आणि तिची आई. रेखाचे स्नायू जन्मापासून आखडलेले. बोलणं सावकाश, पण जीभ धारदार. तिसरा अंबरनाथला सुलोचनाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ. चौथा उल्हासनगरच्या कॅम्पात गोपालदास, पापडाचे सिंधी व्यापारी. साखरेच्या आजारात त्यांचा एक पाय काढला होता. सोबत बायको. मला कॉलेजात सोडून बाकीचे संस्थेच्या शिवणवर्गात आणि व्यायामाला जायचे.

आता हॉर्नचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. साधा विजेचा हॉर्न वाजला की रेखा दचकायची आणि तिचं अख्खं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. दहा-दहा मिनिटं सुटायचं नाही. दौलतकाकांनी हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी हॉर्नची वायर कापून टाकली आणि कुठूनतरी जुना पितळी भोंगा आणून खिडकीला बसवला. मागे रबरी फुगा. हाताने दाबायचा. आवाज घोगरा, मऊ, एखादी म्हैस झोपेत हंबरावी तसा. प्रत्येक थांब्यावर ते तो एकाच पद्धतीने वाजवायचे — दोन छोटे, एक लांब. एकदाच. पुन्हा नाही. आणि आम्ही दारात दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही, मग मागून ट्रक बोंबलेना का.

मी तिसऱ्या वर्षाला असताना, फेब्रुवारीत, दौलतकाकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची बायको त्यांना मुरबाडकडच्या गावी घेऊन गेली. संस्थेने गाडीला कुलूप लावलं. आम्ही विचारायला गेलो तर कार्यवाह म्हणाले, "ड्रायव्हर मिळत नाही. आणि खरं सांगू का, एवढे हाल काढून तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

 बाहेर आल्यावर आई म्हणाली, "याला इचार, ‘तू रोज कुठं जातंस?’"

दोन महिने मी घरी बसून अभ्यास केला. परीक्षेसाठी गावातल्या भाजीच्या टेम्पोवाल्याने शब्द दिला होता. पहिला पेपर हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता. जयंतीच्या संध्याकाळी तो आला आणि दाराबाहेरूनच म्हणाला, "उद्या वऱ्हाड लागलंय. पुढच्या वर्षी दे ना पेपर, कुठं पळतोय?" मी हॉल तिकीट पुस्तकात घातलं आणि पुस्तक पेटीत टाकलं. 

सकाळी आई अंगणात भांडी घासत होती. मी ओटीवर, अंघोळसुद्धा न केलेला. आणि हॉर्न वाजला.

दोन छोटे. एक लांब.

आईने हातातलं पातेलं टाकलं. "आयली रं गाडी!" समोरच्या घरातून काशीनाथ न्हाव्याने डोकं बाहेर काढलं, "चालू झाली काय रे तुमची गाडी?" म्हणजे आवाज आम्हा मायलेकांनाच आला असं नाही, हे लक्षात ठेवा. घड्याळात सात-दहा.

आईने मला कसंबसं शर्टात घातलं, पेटीतून पुस्तक काढलं, खुर्ची नाक्यावर आणली. रस्ता मोकळा. धूळसुद्धा उडालेली नाही. वळणावर एक म्हातारा विडी ओढत बसला होता. त्याला विचारलं. म्हणाला, "हॉर्न आयकला. गाडी नाय बघली."

मी म्हटलं, "आई, चल घरी. भास झाला."

"काशीनाथालाबी भास झाला?" आईने पदर खोचला. "मी तुला भायेर काढलंय ना? आता परत आत नेनार नाय. बस गप."

आणि तिने खुर्ची ढकलायला सुरुवात केली. कुठे नेणार, तिलाही माहीत नव्हतं. रस्ता खडीचा होता, उताराला ती मागे रेलून खुर्ची धरायची, चढावर डोकं माझ्या पाठीला टेकवून रेटायची. अर्ध्या-पाऊण तासाने हेंद्रेपाडा आला. वळलो तर फाटकापाशी रेखा खुर्चीत तयार बसलेली, केसांना क्लिपा लावून. शेजारी तिची आई, डब्याची पिशवी घेऊन.

आम्ही काही बोलायच्या आधी रेखाची आई म्हणाली, "हे काय, तुम्ही चालत? गाडी कुठेय? सात-पंचविसाला हॉर्न दिला, आम्ही बाहेर येईपर्यंत गायब! दौलतभाऊ असं कधी करत नाहीत."

 सात-पंचवीस ही हेंद्रेपाड्याची नेहमीची वेळ. तेव्हा आम्ही अजून आमच्या गावाच्या नाक्यावरच होतो.

रेखाचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर. कडक माणूस, देवपूजाही न करणारा. तेही गालावर वाळलेला दाढीचा साबण तसाच घेऊन फाटकाशी उभे होते. मी म्हटलं, "काका, तुम्हीपण ऐकला?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर किती वाजता आहे तुझा?"

"अकरा."

त्यांनी गाल पुसला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. एक रिकामा टेम्पो येत होता, त्याला हात आडवे करून थांबवलं. ड्रायव्हर उत्तरेकडचा. तो म्हणाला, "साब, मेरे को जांभूळ गाँव जाना है, पाइप भरने का है."

रेखा तिच्या सावकाश बोलण्यात म्हणाली, "पाइप... भाग के... नहीं जाता."

ड्रायव्हर आधी तिच्याकडे बघत राहिला, मग हसला. "ठीक है, दीदी. पाइप नहीं भागेगा." शेजारच्या बांधकामावरून दोन फळ्या आणल्या. खुर्च्या वर चढवल्या आणि दोरखंडाने आडव्या दांड्यांना बांधल्या. आई आणि रेखाची आई चाकं धरून बसल्या. वडील पुढे.

खरं तर आम्हाला सरळ कॉलेजला जायचं होतं. पण अंबरनाथला नेहमीच्या ठिकाणी टेम्पो आपोआप हळू झाला, कारण रस्त्याच्या कडेला सुलोचनाबाई खुर्चीत बसलेल्या आणि त्यांची जाऊ टेम्पोला हात करत होती. सुलोचनाबाई संतापलेल्या. "तासभर उन्हात बसलेय! दौलत बरा होऊन आला वाटतं, पण ही काय रीत झाली? सात-पन्नासला पों पों करून पुढे निघून गेला. येऊ दे समोर, बघते त्याला."

त्यांना वर घेतलं.  कॅम्पात शिरताना मी मनाशी म्हणत होतो, गोपालदास नसावेत... गोपालदास असले तर मी काय करू? गोपालदास होते. दुकानाच्या पायरीशी खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून.

"साईं, सव्वाआठला हॉर्न, आणि गाडी आत्ता? ते पण बदलून आली? दौलत किधर है?"

टेम्पोवाला उतरला. चार खुर्च्यांकडे, चार सोबत्यांकडे बघत म्हणाला, "आप सब लोग फोन पे बात किया क्या?" फोन फक्त रेखाच्या घरी होता. बाकी तिघांना फोन करायचा तर किराणा दुकानात जावं लागे.

दहाच्या सुमाराला आम्ही कॉलेजात पोचलो. माझा नंबर पहिल्या मजल्यावर. शिपाई म्हणाला, "वर कसं नेणार?" आई म्हणाली, "तू बाजूला हो, मग दावते." रेखाचे वडील, टेम्पोवाला, सुलोचनाबाईंची जाऊ आणि आई — चौघांनी उचललं. मी पेपर दिला. एकही प्रश्न सोडला नाही.

आता पुढचं, कारण शंका घेणाऱ्यांना हेच विचारायचं असतं. पेपर सुटल्यावर आम्ही चौघं संस्थेच्या फाटकासमोर खुर्च्या लावून बसलो. टेम्पोवाला पाइप भरायला गेला होता. घरी जायला काही नव्हतंच. कार्यवाह आले. हकीकत ऐकून म्हणाले, "हे सगळं तुम्ही चिठ्ठ्या पाठवून ठरवलंय. गाडी चालू करून घ्यायला. नाहीतर तुमच्यासारखी माणसं दिवसभर घरात बसून असतात... काहीबाही ऐकू येतं."

मी आयुष्यात मोठ्या माणसाला उलट बोललो नव्हतो. तेव्हा बोललो. "सर, आमचे पाय गेलेत. कान नाही गेले. गाडी दाखवा."

वॉचमनने कुलूप उघडलं. गाडी होती तिथेच होती. काचेवर इतकी धूळ की कुणीतरी बोटाने नाव लिहिलेलं. खिडकीला पितळी भोंगा होता, पण त्याच्या मागे फुगाच नव्हता. नुसती नळी. तो हॉर्न वाजणं शक्यच नव्हतं.

"फुगा दौलत रोज रात्री काढून घरी न्यायचा," वॉचमन म्हणाला. "पोरं वाजवत बसतात म्हणून. तो पडला तेव्हा घरीच राहिला असेल."

कार्यवाह विजयी चेहऱ्याने म्हणाले, "बघा! हॉर्न वाजूच शकत नाही."

सुलोचनाबाई म्हणाल्या, "तेच तर सांगतोय आम्ही. आता घरी कोण सोडतंय?"

आम्ही हललो नाही. साडेपाच वाजता कार्यवाहांनी स्वतःच्या मोटारीचा ड्रायव्हर दिला. मॅटॅडोरची बॅटरी मेलेली. गोपालदासांनी समोरच्या दुकानदारांना हाका मारल्या, "आओ भाई! रोज हमको धक्का मारते हो, आज गाडी को मारो!" दहा-बारा जणांच्या धक्क्याने ती सुरू झाली. त्या दिवसापासून एकही पेपर बुडला नाही. दोन आठवड्यांत कायमचा ड्रायव्हर आला. त्याने विजेचा हॉर्न जोडायला काढला तेव्हा रेखाने त्याला काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. दुसरा रबरी फुगा आला.

नंतर पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितलं. एका काकांनी तर घरावर बाधा आहे, भगताला बोलवा असं सुचवलं. आईने त्यांना ओटीवरून खाली उतरवलं. "बाधा म्हनं! बाधा काय पोराला पेपराला नेती?"

मी पास झालो. दुसरा वर्ग. आता पुढे शिकतोय, त्याच गाडीने जातोय. मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही. पण आम्ही ऐकलं नाही, असंही कुणी मला सांगू नये. दहा-अकरा माणसांनी, चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या वेळी ऐकलं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्या वेळीही नव्हतं, आणि पुढे जे कळलं त्यानंतर तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात दौलतकाकांची बायको आमच्याकडे आली. काका अजून अंथरुणावरच आहेत. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला काळा रबरी फुगा काढून आईच्या हातात दिला.

"गाडीचा हाय. न सांगता नेला होता, रागावू नका. डॉक्टर बोलले, मुठीत रबरी चेंडू द्या, दाबून दाबून ताकद येईल. चेंडू कुठून आणू? हा घरात होता, तो दिला. पण दाबलाच नाही कधी. बोटंच मिटत नव्हती. वर्सभर नुसता हातात ठेवायची मी."

"कधीच नाय?" आईने विचारलं.

"एकदाच. मागल्या साली, हनुमान जयंतीचा परसाद घरात होता, म्हंजे दुसरा दिस. सकाळी पेज पाजत होते, तर मूठ मिटली. फुस फुस... आन् मग लांब फुस्सस. आवाज कसला, नुसता वारा. मला वाटलं हात आला! शेजारनीला बोलावलं. ती येईस्तोवर थांबलं. थोड्या येळानं परत तसंच. मग बराच येळ नाय, मग परत. मग आनखी येक डाव. हे घामानं भिजले नुस्ते, डोळे दाराकडं लावलेले. मंग मूठ सुटली ती सुटलीच."

तिने आईकडे बघितलं. "त्या दिशी कुनाला कुठं पोचायचं होतं का वो?"