ओल्या टॉवेलातल्या माश्या

मुलांनो, तुमच्यातली धाकटी तिकडे माश्यांवर कॅन्सरच्या गाठींचा अभ्यास करणार हे कळलं, आणि लातूर–नांदेड एसटीत भेटलेली एक बाई आठवली. म्हणून आजच लिहिते.

लातूरच्या भूकंपानंतर काही वर्षांनीचा उन्हाळा होता. माझ्या शेजारी ती मांडीवर काचेच्या बाटल्या घेऊन बसली होती, त्या गार राहाव्यात म्हणून भोवती ओला टॉवेल गुंडाळून.

"काय हाय ताई ह्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"माश्या."

"नांदेडात कमी हायत का, इथून न्यायला?"

सगळी गाडी हसली. ती टॉवेलवर पाणी शिंपडत राहिली.

मग तिनं मला सांगितलं. त्या फळमाश्यांच्या जनुकांत मुद्दाम बदल केलेला होता, त्यामुळे त्यांच्या अंगात गाठी वाढत, आणि त्या इतक्या नाजूक की उकाडा सोसत नसे. गाठ कशी पसरते, हे ती त्यांच्यात पाहत होती. तुलनेसाठी सोबत साध्या माश्याही होत्या. लातूरच्या कॉलेजनं तिची प्रयोगाची खोली कोचिंग क्लासला दिली होती. नांदेडचे एक प्राध्यापक माश्या सांभाळायला तयार होते, जिवंत पोचल्या तर.

"भूकंपात एक बाटली फुटली नव्हती, मावशी," ती म्हणाली.

लोहा गाव मागे पडल्यावर तिचं पाणी संपलं, माझंही. नांदेडच्या स्टँडवर तिनं एकेक बाटली उजेडात धरली. साध्या माश्या उडत होत्या. गाठींच्या साऱ्या तळाशी पडल्या होत्या.

"ह्या तर कुठंबी मिळतात," म्हणत तिनं साध्या माश्यांच्या बाटल्यांचे कापसाचे बोळे काढले, आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला गेली.

लातुरातला तो क्लास अजून त्याच खोलीत चालतो. भिंतीवर फळमाशीचं मोठं रंगीत चित्र आहे, कारण परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो.