कबुतरांचे खडे आणि यूल्काचा पोपट

माझे सासरे मिलिवोय. साखर कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, पण त्याबद्दल कोणी विचारलं तर दोन वाक्यांत संपवतात. कबुतरांबद्दल विचारलं तर जेवण गार होतं.

तिसा नदीच्या काठच्या आमच्या गावात त्यांचं नाव झालं ते खड्यांमुळे. कबुतर दाणा सोलत नाही, अख्खा गिळतं. पोटातल्या जाड पिशवीत खडे असले तरच तो दळला जातो. बाबा हे खडे घरी तयार करतात. नदीची जाडसर वाळू, जुन्या चुलीची वीट कुटून, थोडा कोळसा, चिमूटभर मीठ आणि ईस्टरच्या लाल अंड्यांची टरफलं. ती अंडी चर्चमधून आशीर्वाद होऊन आलेली, त्यामुळे टरफलं केरात टाकायची नसतात. सासूबाई ती बागेत पुरत. बाबा कबुतरांना घालू लागले. "देवाघरचं पक्ष्याच्या पोटात गेलं, तर देव रागावेल होय?" असं त्यांचं म्हणणं. रविवारच्या पक्षीबाजारात लोक रिकामे डबे घेऊन त्यांच्याकडे येत.

गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या यूल्काचं खुब्याचं हाड मोडलं. एकटी बाई, शिवणकाम करणारी, जिभेनं तिखट. तिचा जुरा नावाचा करडा पोपट एकोणीस वर्षांचा. तिला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "मिलिवोय, तुझं एक अक्षर मला पटत नाही, पण पक्ष्यांतलं तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. माझ्या जुराला सांभाळ."

"तू तुझं हाड सांभाळ. पक्षी म्हणजे पक्षी," बाबा म्हणाले.

पिंजरा आमच्या स्वयंपाकघरात आला. बाबांनी आत डोकावून तोंड वाकडं केलं. "खडे कुठेत? बिचाऱ्यानं एवढी वर्षं काढली तरी कशी!" आणि वाटीभर खडे ठेवले.

नवं घर, मालकीण दिसेना, त्यामुळे जुरा बावरला होता. सूर्यफुलाच्या बिया सोडून तो खडेच खात बसला. बाबा खूश. "बघ सूनबाई, किती उपाशी होता!"

आठव्या दिवशी तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. खाल्लेलं ओकला. पचत नसेल तर खडे वाढवायचे, हे कबुतरवाल्यांचं औषध. बाबांनी वाटी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे उघडेनात, तेव्हा मी कोणाला न विचारता पिंजरा गाडीत ठेवला. बाबा टोपी घालून मुकाट शेजारी येऊन बसले.

पक्ष्यांची डॉक्टर नेवेना, बाबांच्या नातीच्या वयाची. तिनं एक्स-रे उजेडावर धरला. पोटात पांढरा गच्च गोळा दिसत होता.

"खडे कोणी दिले?"

"मी. पन्नास वर्षं देतोय."

"पोपटांना?"

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काका, हा बी कसं खातो बघितलंय ना? सोलतो, साल फेकतो, गर चावतो. याच्या पोटात दगडाचं जातं लागत नाही. एखाददुसरा खडा निघूनही जाईल. पण घाबरलेला किंवा आजारी पोपट खातच सुटतो, आणि वाट बंद होते. टरफलं विरघळतात, वीट-वाळू नाही विरघळत."

"हे पुस्तकात वाचलंस की बघितलंस, पोरी?"

"वाचलं. आणि या वर्षी दोन मेलेले बघितले."



सुईनं पाणी, नळीनं पातळ खाणं, औषधं, असे पाच दिवस गेले. बाबा रोज बसनं दवाखान्यात जात. आमच्या चर्चमध्ये जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठी मेणबत्त्या वेगवेगळ्या जागी लावतात; मी जिवंतांच्या बाजूला लावली. पोपटासाठी लावलेली चालते का, हे पाद्रींना विचारलं नाही. सहाव्या सकाळी नेवेनाचा फोन आला. "काका, खडे बाहेर पडले. आणि यानं मला शिवी दिली. न्यायला या."

यूल्का काठी टेकत घरी आली, त्या दिवशी मीच म्हणाले, "बाबा, पोपट ठणठणीत आहे. तिचं दुखणं अजून ओलं आहे. सांगायचं कशाला?"

"पक्षी तिचा आहे, सूनबाई. त्याच्या पोटात काय झालं ते तिला ठाऊक हवं."

पिंजरा देण्याआधीच त्यांनी सगळं सांगितलं. यूल्का पिंजऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे तू माझ्या जुराला मारतच होतास."

"होय."

"एवढा मोठा पक्षीतज्ज्ञ."

"होय, यूल्का."

तिनं पिंजरा आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "बाजारातून पोपटासाठी खडे किती जणांनी नेलेत तुझ्याकडून?"

"तिघांनी." बाबा थांबले. "चार."

"मग माझ्या दारात काय उभा राहिलास? तिकडे जा!"

रविवारी बाबा बाजारात टेबलासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे कबुतरांनाच घाला. पोपटवाल्यांनी हात लावू नका. माझं चुकलं." कोणीतरी हसलं, "म्हातारपणी शाळेत गेलास का रे?" बाबा म्हणाले, "गेलो. मास्तरीण कडक आहे." तिघे तिथेच भेटले. चौथा दोन गावं पलीकडचा, म्हणून मी गाडी काढली.

तिथे ओसरीवर हिरवा पोपट होता, बी सोलत बसलेला. बाबांनी घरधनिणीची परवानगी घेतली, पिंजऱ्यात हात घालून वाटी काढली आणि खडे आपल्याच कोटाच्या खिशात ओतले.